पावसातील मोटार आणि बाजूचे आरसे

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले आहे. नैर्ऋत्य मोसमी पाऊस येथे पडतो, त्यानंतर ईशान्य मोसमी पाऊस येतो, आणि या दोहोंच्या आधी एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरीही कोसळतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे सर्वाधिक पावसाचे महिने होत. यांपैकी बराच पाऊस दिवस कलल्यावर पडतो. म्हणजे कचेऱ्या सुटलेल्या असतात, अंधारून आलेले असते आणि सिल्क बोर्ड चौक किंवा होसूर रस्ता वाहनांनी भरून गेलेला असतो, नेमक्या त्या वेळी. या शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या वर गेली असून त्यांपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक दुचाकी आहेत. खोळंबलेल्या मोटारींच्या रांगांतून दुचाकीस्वार डावीकडून वाट काढीत पुढे येतात. मोटारचालकाला त्यांची चाहूल लागते ती मुख्यतः बाजूच्या आरशातून. आणि पाऊस सुरू झाला की तोच आरसा आंधळा होतो.

समोरच्या काचेचा प्रश्न फार पूर्वीच हाती घेतला गेला. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना आतून हलविता येणाऱ्या वायपरचे पेटंट 1903 साली मिळाले. आरशाचा इतिहास त्यानंतरचा आहे. डोरोथी लेव्हिट या ब्रिटिश मोटारचालक महिलेने 1909 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात, मागचे पाहण्यासाठी हाताशी एक लहान आरसा ठेवावा, असा सल्ला दिला होता. 1911 मध्ये इंडियानापोलिस येथील शर्यत जिंकणाऱ्या रे हॅरन यांच्या गाडीवर आरसा बसविलेला होता. आज आरशावाचून मोटारीची कल्पनाही करवत नाही. परंतु त्याच्यावरील पाणी पुसण्याची सोय मात्र सर्वत्र आलेली नाही. 1980 च्या दशकात काही जपानी गाड्यांच्या आरशांना चिमुकले वायपर लावण्यात आले. पण ती प्रथा रूढ झाली नाही.

थेंब आणि पापुद्रा

आरसा नेमका कशामुळे दिसेनासा होतो? पाण्यामुळे, असे उत्तर सहज सुचते. पण ते पुरतेपणी खरे नाही. वाचकाने घरच्या घरी एक साधा प्रयोग करून पाहावा. एक जुना आरसा घेऊन तो साबणाने स्वच्छ धुवावा. मग त्याच्या अर्ध्या भागावर खोबरेल तेलाचे बोट हलकेच फिरवून ते कोरड्या फडक्याने पुसून टाकावे. दोन्ही भाग आता सारखेच दिसतील. परंतु आरसा उभा धरून त्यावर पाणी शिंपडले की फरक कळून येईल. तेलाचे बोट फिरविलेल्या भागावर पाण्याचे थेंब उभे राहतील व त्यात आपला चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसेल. धुतलेल्या भागावर पाणी पसरून त्याचा पातळ पापुद्रा बनेल आणि चेहरा बराचसा स्पष्ट दिसेल.

याचे कारण असे : स्वच्छ काच पाण्याला आपल्याकडे ओढून घेते. काचेवर तेलकट थर असला की ही ओढ कमी पडते आणि पृष्ठताणामुळे पाणी आकसून थेंबाचे रूप घेते. सपाट पापुद्र्यातून प्रकाश जवळजवळ सरळ आरपार जातो. थेंबाचा पृष्ठभाग मात्र फुगीर असल्यामुळे प्रत्येक थेंब एका लहानशा भिंगाचे काम करतो व प्रकाश आपापल्या दिशेला वळवितो. रात्री मागून येणाऱ्या दिव्याच्या अशा रीतीने असंख्य ठिणग्या होतात. मोटारीचे दोन दिवे त्यातूनही कदाचित ओळखू येतील. परंतु ज्याच्यापाशी एकच दिवा आहे, तो दुचाकीस्वार या ठिणग्यांत हरवून जातो.

तेव्हा आरशावर पाणी येऊ न देणे हा आपला हेतू नसून, त्या पाण्याचे थेंब होऊ न देणे हा आहे.

येथे एक सामान्य गैरसमज दूर केला पाहिजे. समोरच्या काचेसाठी पाणी झटकून टाकणारे मेणासारखे लेप बाजारात मिळतात. गाडी वेगात असली की त्या काचेवरील थेंब वाऱ्याने वर सरकून निघून जातात. हाच लेप आरशाला लावला तर काय होईल? आरशाचे तोंड मागे असते. समोरचा वारा त्याच्या कवचावर आदळून कडेने निघून जातो, आणि कवचाच्या आडोशाला हवा घुटमळत राहून बारीक तुषार आरशावर आणून सोडते. त्यातून गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली असेल, तर थेंब हलविण्यास वाराच नसतो. मोठे थेंब ओघळून जातात, पण बारीक थेंब तसेच चिकटून राहतात.

मालमोटारींचे चालक समोरच्या काचेवर तंबाखू घासतात, कोणी चिरलेला बटाटा फिरवितात. या उपायांचा रोख पाणी पसरविण्याकडेच असतो. साबणाचा पुसट हातही पाण्याचा पृष्ठताण कमी करून हेच काम करतो. पण पावसाची एखादी जोरदार सर तो धुऊन नेते. याच तत्त्वावरचा टिकाऊ उपाय म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप. प्रकाश पडला असता या द्रव्यावर पाणी सपाट पसरते, हे जपानी संशोधकांनी 1997 साली दाखवून दिले, व पुढे त्याचा उपयोग आरशांसाठीही होऊ लागला.

दारावरची काच

आरसा स्वच्छ असूनही भागत नाही, कारण आपण तो दाराच्या काचेतून पाहतो. या काचेला आतून वाफ धरते. समजा, गाडीतील हवेचे तापमान 26 अंश सेल्सिअस असून ओल्या कपड्यांमुळे व श्वासामुळे तिची सापेक्ष आर्द्रता 80 टक्के झाली आहे. अशी हवा सुमारे 22 अंशांच्या खालील काचेला स्पर्श करताच तिच्यातील बाष्पाचे दव होते. आणि पावसाने भिजलेली काच तितकी थंड सहज होऊ शकते. अशा वेळी वातानुकूलन यंत्र सुरू करावे, कारण ते हवा कोरडीही करते. आणि बाहेरची हवा आत घेण्याची कळ उघडी ठेवावी. याउलट, यंत्राने काच अतिशय थंड केली तर दव बाहेरच्या बाजूने धरते. मग आतले तापमान थोडे वाढविणे हाच उपाय होय.

काही गाड्यांत आरशामागे तापणारी तार असते. मागील काच तापविण्याची कळ दाबताच पुष्कळदा तीही चालू होते, आणि बारीक थेंब सुकून जातात. आपल्या गाडीत ही सोय आहे की नाही, हे पावसाळ्यापूर्वी पाहून ठेवावे.

ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्यांना साबण, पाणी आणि धुतलेले सुती फडके एवढे पुरते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दोन्ही आरसे व दारांच्या पुढच्या काचा साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पुष्कळ पाण्याने खळखळून काढाव्यात. पाणी सलग पसरले तर काच स्वच्छ झाली. थेंब उभे राहिले तर पुन्हा धुवावी. गाडीच्या पत्र्याला मेण लावलेले फडके आरशाला कधीही लावू नये. चालत्या गाडीतून हात बाहेर काढून आरसा पुसू नये; त्यात धोका तर आहेच, शिवाय बोटांचा तेलकटपणा नव्या थेंबांना जागा करून देतो.

एवढे करूनही मुसळधार पावसात आरसा पूर्ण विश्वासाचा राहत नाही. म्हणून डावीकडे वळण्यापूर्वी बाजूचा दिवा वेळेवर लावावा, वेग कमी करावा व मान वळवून एकवार पाहावे. आरशात कोणी दिसत नाही याचा अर्थ तेथे कोणी नाही असा होत नाही. भिजत चाललेला एखादा स्वार त्या थेंबांपैकी एकाच्या आड असू शकतो.