झाड जवळ येईना! (सी कयाकिंग : थोडा अनुभव, थोडा अभ्यास)

सुरुवातीलाच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटमधलं आहे. दहावीपर्यंत 'लँड ब्रीझ' आणि 'सी ब्रीझ' पाठ केलं, पण त्याला मराठीत काय म्हणतात हे मला एका होडीवाल्या काकांनी सांगितलं, आणि तेही मी समुद्रात गटांगळ्या खाऊन आल्यावर! त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं. मजकूर मात्र नीट वाचा, कारण येत्या डिसेंबरमध्ये आपल्या हॉस्टेलचा अर्धा थर्ड इयर परत कोकणात निघालाय. आणि हो, रेक्टर मॅडम, पुढचा परिच्छेद तुम्हाला नवीन असेल. वर्षभर लपवला, त्याबद्दल सॉरी.

गेल्या जानेवारीत गोव्याची आय.व्ही. संपवून येताना आमची बस मालवणच्या दक्षिणेला एका किनाऱ्यावर थांबली होती. सकाळचे सात. समुद्र असा शांत, की मेसमधलं वरण त्याच्यापेक्षा जास्त हलत असेल. किनाऱ्यावर भाड्याने कयाक मिळत होते, प्लॅस्टिकचे, वर बसायचे, दोघांचे. मी आणि माझी रूममेट बसलो. लाइफ जॅकेट दिलं होतं, पण माझ्या जॅकेटचं खालचं बक्कल तुटलेलं आणि तिचं जॅकेट आमच्या सी.आर.च्याही अंगात गेलं असतं एवढं मोठं. कोणी काही विचारलं नाही, आम्हीही नाही. दहा मिनिटांत आम्ही तीनशे-चारशे मीटर आत! फोटो काढले, ओरडलो, 'टायटॅनिक' करून झालं. मग परत फिरलो.

फिरलो म्हणजे फक्त तोंड फिरवलं. किनाऱ्यावर एक वाकडं नारळाचं झाड होतं, ते मी नेम म्हणून धरलं. पाच मिनिटं वल्हवलं, झाड तेवढंच. पंधरा मिनिटं वल्हवलं, झाड तेवढंच. मध्ये दम खायला थांबलो तर झाड लहान! तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. रूममेट म्हणाली, "तू पुढे ये, तुझे हात मजबूत आहेत," आणि जागा बदलायला ती उभी राहिली. पुढच्या सेकंदाला आम्ही दोघी पाण्यात. माझं जॅकेट सरकून कानाशी आलं आणि तिचं तर डोक्यावरूनच वर निघालं. तिला फारसं पोहता येत नाही. एका हाताने कयाकची दोरी आणि दुसऱ्या हाताने तिची वेणी धरून मी किती वेळ होते ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी जाळी काढून परतणाऱ्या एका होडीने आम्हाला उचललं.

होडीतल्या काकांनी रागावण्याऐवजी चहा दिला आणि म्हणाले, "गो बाय, पाणी गप दिसता म्हणान भुला नको. मतलय वारो तो, भायर व्हरतलो." मतलय, म्हणजे पुस्तकातला मतलई वारा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळी उशिरापर्यंत हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहते. दुपारी तेच उलटं, तो खारा वारा. सिलॅबसमधल्या चार मार्कांच्या या उत्तराने आमचा जीव घ्यायचा बाकी ठेवला होता.

आता यातली फसवणूक नीट समजून घ्या, कारण मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. लाट तयार व्हायला वाऱ्याला पाण्यावरून लांब अंतर वाहावं लागतं. वारा जमिनीकडून येत असेल तर किनाऱ्याजवळ ते अंतर मिळतच नाही, शिवाय झाडं आणि वाळूचे उंचवटे आडोसा करतात. म्हणून कडेला पाणी आरशासारखं. जसजसं आत जाल तसा आडोसा संपतो, वारा वाढतो, लाटा वाढतात. आणि हे सगळं पाठीवर असल्यामुळे जाताना कळतही नाही, उलट आपण काय फास्ट वल्हवतोय असं वाटतं! फिरल्यावर तोच वारा छातीवर. त्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वारा दुप्पट झाला की ढकलणं चौपट. शिकाऊ माणूस तासाला चार-पाच किलोमीटर वल्हवतो, तेही ताजातवाना असेपर्यंत. थकल्यावर वजाबाकीचं उत्तर शून्य येतं. आमचं झाड म्हणूनच जवळ येत नव्हतं.

परत आल्यावर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले (त्या सेमला एम थ्री गेला, तो वेगळा विषय). वाचताना इंग्लंडमधली एक घटना सापडली आणि अंगावर काटा आला. २२ मार्च १९९३. प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक लाइम रीजिस या गावाहून शेजारच्या चारमथला कयाकने निघाले. अंतर जेमतेम तीन किलोमीटर, जेवायच्या वेळेपर्यंत पोचायचं. वारा जमिनीकडून! थोड्याच वेळात शिक्षकांचा कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागला. एक प्रशिक्षक त्यांच्याजवळ थांबला, दुसरीने आठ मुलांचे कयाक एकमेकांना धरून तराफा केला. तो तराफा वाऱ्याबरोबर बाहेर गेला. कयाकच्या तोंडावर पाणी अडवणारे स्प्रेडेक नव्हते, म्हणून लाटांनी ते एकेक करून भरले. जॅकेटं होती, पण ती फुगवायची होती आणि फुगवली गेली नाहीत. मदत मागायला फ्लेअर नव्हते, रेडिओ नव्हता. दोघा प्रशिक्षकांचं स्वतःचं शिक्षण अगदी प्राथमिक. किनाऱ्यावर जे होते त्यांनी कोस्टगार्डला कळवायला कित्येक तास लावले. त्या थंड पाण्यात चार मुलं गेली.

वाईट गोष्ट अशी, की त्या केंद्रातून आधी काम सोडून गेलेल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षीच मालकाला पत्र लिहून धोक्याची सूचना दिली होती. १९९४ मध्ये केंद्र चालवणारी ओएलएल लिमिटेड ही कंपनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरली, ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. तिच्या व्यवस्थापकीय संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये मुलांना साहसी खेळांना नेणाऱ्या केंद्रांसाठी लायसन्सचा कायदा आला. मी ती यादी परत परत वाचली : जमिनीकडचा वारा, चुकीचं जॅकेट, किनाऱ्यावर वेळ मोजणारं कोणी नाही. एक-एक करून आमच्याशी जुळत होतं. फरक एकच, पाण्याचा. मार्चमधला इंग्लंडचा समुद्र आठ-नऊ अंशांचा, तिथे थंडीच माणसाला मारते. आपला कोकणातला समुद्र कोमट. म्हणजे इथे तुम्ही तरंगत राहिलात तर तासन् तास जगू शकता. तरंगत राहिलात तर!

म्हणून जॅकेट. कयाकिंगच्या जॅकेटची तरंगशक्ती किमान पन्नास न्यूटन असावी लागते, म्हणजे साधारण पाच किलो वजनाएवढी. एवढ्याने साठ किलोचा माणूस कसा तरंगेल, असा प्रश्न मला पडला होता. पण आर्किमिडीज आठवा! शरीराची घनता जवळजवळ पाण्याएवढीच, त्यामुळे पाण्यात आपलं वजन नाममात्र उरतं. प्रश्न फक्त डोकं वर ठेवायचा असतो, आणि त्याला पाच किलो पुरतात. मात्र जॅकेट अंगाला घट्ट हवं. सगळे पट्टे आवळून झाल्यावर मैत्रिणीला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीला लागलं तर ते जॅकेट तरंगेल, तुम्ही नाही.

आणि ते उभं राहणं. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये मेटासेंट्रिक हाइटचं प्रॅक्टिकल आपण सगळ्यांनी केलंय. (केलंय म्हणजे सिनियरच्या जर्नलमधून रीडिंग उतरवलीयत.) तरंगत्या वस्तूचा गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेला की ती उलटते. खाली बसलेली माणसं म्हणजे खाली गुरुत्वमध्य. माझी रूममेट उभी राहिली आणि तो झटक्यात वर गेला, व्हायव्हात विचारतात तसं. मेटासेंटर किती उंच, हे मुख्यतः रुंदीवर, तेही तिच्या घनावर अवलंबून असतं. लांबी आणि वजन तेवढंच ठेवून पंचावन्न सेंटिमीटरच्या जागी ऐंशी सेंटिमीटर रुंदी घेतली, तर तो आकडा जवळजवळ तिप्पट होतो. भाड्याचे कयाक म्हणूनच रुंद असतात. खरा सी कयाक पाच मीटर लांब आणि अरुंद, वेगासाठी केलेला. त्यात तोल बोटीत नसतो, माणसाच्या कमरेत असतो. ग्रीनलंडच्या इनुइट लोकांनी सीलच्या कातड्याचे असे कयाक केले आणि उलटल्यावर आतल्या आत फिरून वर यायची विद्याही त्यांचीच, कारण तिथल्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे संपणं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला एका धरणाच्या बॅकवॉटरवर सराव करणारा ग्रुप सापडला. मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी वल्हवायला शिकवतील. पहिल्या दिवशी पडायला शिकवलं! बारा वेळा मुद्दाम उलटायचं आणि बारा वेळा परत चढायचं. वर बसायच्या कयाकवर चढायची युक्ती सोपी आहे : कयाक सरळ करा, कडेने पाय पाण्यावर आणून जोरात मारा आणि स्वतःला आडवं वर ओढा. आधी पोट, मग वळून बूड, मग पाय. घाईत लोक गुडघा आधी टाकतात आणि पुन्हा उलटतात. (मी सात वेळा.) बंद कॉकपिटचा कयाक असेल तर दुसऱ्याची मदत लागते. मदत करणारा उलट्या कयाकचं टोक आपल्या बोटीवर ओढून त्यातलं पाणी काढतो, सरळ करतो, आपल्या बोटीला समांतर लावून घट्ट धरतो आणि पडलेला मागून चढतो. सराव असेल तर दोन-तीन मिनिटांचं काम. तिथला नियम एकच, ज्याला पाण्यातून परत चढता येत नाही तो मोठ्या पाण्यात जाणार नाही, मग तो कितीही छान वल्हवो. तिथले एक पन्नाशीचे सर, पेशाने सी.ए., हा नियम स्वतःच्या मुलालाही लावतात.

भरती-ओहोटीचं थोडक्यात सांगते. रायगड-मुंबईकडे कोळी लोकांचा ठोकताळा आहे : तिथीला पाऊणने गुणा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहाच्या सुमाराला. (अंदाजच हा, निघताना त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक बघायचंच.) पाणी सहा तास सारख्या गतीने चढत-उतरत नाही. पहिल्या तासात एक बारांश, मग दोन, मग तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी हलतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, त्यात अशा वेळी ओहोटीला खाडीच्या तोंडाशी जाणं म्हणजे उलट्या एस्केलेटरवर चढणं.

हे सगळं वाचून घाबरून घरी बसा, असं मला म्हणायचं नाही हं. आपल्यासारखाच एक इंजिनियर, कौस्तुभ खाडे, २०१५-१६ मध्ये द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे ३००० किलोमीटर कयाकने गेला. पण त्याच्याबरोबर किनाऱ्याने सायकलवर त्याची जोडीदार होती. म्हणजे तो कुठे आहे आणि कधी यायला हवा, हे जमिनीवर कोणाला तरी माहीत होतं. आपल्याकडे मात्र ट्रिप म्हटलं की आधी जमिनीवरच्या माणसांना फसवायचं असतं. २०१६ मध्ये मुरुडला १४ आणि २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला ८ जण बुडाले, सगळे कॉलेजच्या सहलीतले. ते पोहायला उतरले होते, कयाकला नाही, पण समुद्र तोच आणि वय आपलंच.

तर डिसेंबरच्या ट्रिपसाठी मी एक कागद तयार केलाय. त्यावर कोण जाणार, कोणत्या किनाऱ्यावरून, किती वाजता निघणार, किती वाजता परत, त्या दिवशीची भरती, वाऱ्याचा अंदाज आणि प्रत्येकाला पोहता येतं का, एवढंच लिहायचं. मतलई वारा असेल तर आत न जाता किनाऱ्याला धरून जायचं, आणि जायचंच असेल तर पहिला अर्धा भाग वाऱ्याविरुद्ध, म्हणजे थकल्यावर परतताना तोच मदत करतो. प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी, मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत. त्याआधीच्या दोन रविवारी बॅकवॉटरवर पडायची प्रॅक्टिस, आपल्या फिजिकल डायरेक्टर सरांनी बस द्यायचं कबूल केलंय. चढता न येणारे ट्रिपला येतील, पण शहाळं पिऊन फोटो काढायला.

कागदाची एक प्रत रेक्टर मॅडमकडे आणि एक किनाऱ्यावरच्या माणसाकडे राहील. त्या कागदावर खाली मोठ्या अक्षरात १५५४ लिहिलंय, तो समुद्रातल्या संकटासाठी कोस्टगार्डचा नंबर. ठरलेल्या वेळेच्या वर पंधरा मिनिटं झाली की किनाऱ्यावरच्या माणसाने फोन करायचा, 'येतील अजून' म्हणत बसायचं नाही.

किनाऱ्यावरचा माणूस म्हणून माझ्या रूममेटने नाव दिलंय. त्या जानेवारीनंतर ती पाण्यात उतरलेली नाही. कागदावर सही करताना तिने पंधरा मिनिटं खोडून दहा केली.