काळवंडलेला सागर

समुद्राला आपल्या पूर्वजांनी 'रत्नाकर' हे नाव दिले. मोती आणि पोवळी ही त्याची जुनी रत्ने. आधुनिक युगात माणसाने त्याच्या उदरातून आणखी एक मोलाची वस्तू शोधून काढली. ती म्हणजे खनिज तेल. मोटारी, जहाजे, विमाने आणि कारखाने यांना लागणाऱ्या तेलाचा बराच भाग समुद्रतळाखालील खडकांतून येतो. परंतु हे धन काढताना हयगय झाली, तर तेच तेल सागराच्या जिवावर उठते. मेक्सिकोच्या आखातात २०१० साली जे घडले, ते याचे ठळक उदाहरण होय.

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटर अंतरावर 'डीपवॉटर होरायझन' नावाचा प्रचंड तरंगता फलाट होता. त्याच्या खाली दीड किलोमीटर खोल पाणी होते आणि त्याखालचा सुमारे चार किलोमीटर खडक भेदून एक तेलविहीर खणण्यात आली होती. इतक्या खोलवर तेल आणि वायू विलक्षण दाबाखाली कोंडलेले असतात. सोड्याच्या बाटलीचे बूच एकाएकी उघडले, की आतील पाणी फेसाळून उसळते. तसाच हा प्रकार समजावा. म्हणून विहीर खणताना तिच्यात मुद्दाम तयार केलेला जड गाळ भरतात. त्याच्या भाराने खालचा दाब तोलला जातो. काम संपल्यावर विहिरीच्या तळाशी सिमेंट ओतून वाट बंद करतात. एवढे करूनही संकट आलेच, तर विहिरीच्या तोंडाशी बसवलेल्या सुरक्षायंत्राच्या पोलादी पात्यांनी नळ कापून तोंड मिटावे, अशी योजना असते.

२० एप्रिल २०१० रोजी ही विहीर तात्पुरती बंद करण्याचे काम चालू होते. ते ठरलेल्या मुदतीपेक्षा सुमारे दीड महिना मागे पडले होते आणि वाया जाणाऱ्या प्रत्येक दिवसाचा खर्च फार मोठा होता. तळाशी ओतलेल्या सिमेंटने वाट पुरती बंद झाली नव्हती. दाबाची चाचणी घेतली, तेव्हा यंत्रावरील आकडे धोक्याची सूचना देत होते. पण त्यांचा अर्थ चुकीचा लावला गेला आणि सारे ठीक आहे असे मानण्यात आले. मग नळातील जड गाळ काढून त्याच्या जागी हलके समुद्रजल भरण्यास प्रारंभ झाला. भार कमी होताच कोंडलेला वायू वर धावला. रात्री दहाच्या सुमारास भयंकर स्फोट झाले आणि फलाट पेटला. फलाटावरील १२६ जणांपैकी ११ जण मृत्युमुखी पडले. आतील नळ वाकल्यामुळे सुरक्षायंत्राच्या पात्यांनाही विहिरीचे तोंड बंद करता आले नाही. दोन दिवसांनी फलाट समुद्रात बुडाला.

यानंतर ८७ दिवस त्या विहिरीतून तेल वाहत राहिले. शासनाच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४९ लाख पिंपे तेल बाहेर पडले. एका पिंपात सुमारे १५९ लिटर तेल मावते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. १५ जुलै रोजी विहिरीच्या तोंडावर टोपण बसवण्यात यश आले, तोवर तेलाचा तवंग दूरवर पसरला होता. पुढे सुमारे २,१०० किलोमीटर किनाऱ्याला त्याचा स्पर्श झाला.

तेल पाण्यात मिसळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचे बारीक थेंब व्हावेत म्हणून सुमारे ७० लाख लिटर रसायन समुद्रात सोडण्यात आले. तवंग फुटला, परंतु तेल नाहीसे झाले नाही. त्यातील काही भाग कण होऊन तळाशी बसला. विहिरीपासून ११ किलोमीटर दूर, खोल अंधारात राहणारी प्रवाळेही त्यामुळे मरणपंथास लागली.

पक्ष्यांची पिसे तेलाने चिकटली, की त्यांत पाणी शिरते. शरीराची ऊब जाते आणि उडणे व तरंगणे दोन्ही अशक्य होते. चोच फिरवून पिसे स्वच्छ करू पाहणाऱ्या पक्ष्याच्या पोटात विष जाते. लुइझियानाचा राज्यपक्षी असलेला तपकिरी पेलिकन या संकटात सापडला. संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून त्याची सुटका होऊन पुरते वर्षही झाले नव्हते! श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर येणारी कासवे तवंगात अडकली. तेल माखलेल्या बाराटारिया उपसागरातील डॉल्फिनांना फुप्फुसांचे विकार जडले आणि पुढील वर्षांत तेथील गाभण माद्यांपैकी सुमारे पंचमांश माद्यांनाच जिवंत पिले झाली. किनाऱ्यावरील दलदलीत गवताची मुळे मेली. मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली आणि लाटांनी ती वाहून नेली. गेलेली जमीन पुन्हा आली नाही. मासेमारीवर बंदी आल्यामुळे कोळ्यांच्या होड्या कित्येक महिने किनाऱ्यालाच बांधलेल्या राहिल्या.

अशा जखमा लवकर भरत नाहीत. अलास्काच्या किनाऱ्याजवळ १९८९ साली 'एक्सॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज खडकावर आपटले होते. त्यातून सांडलेले तेल पंचवीस वर्षांनंतरही तेथील काही किनाऱ्यांवर वाळूगोट्यांखाली आढळत होते.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर समुद्रात तेल सापडले, ते क्षेत्र 'मुंबई हाय' म्हणून ओळखले जाते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल किनाऱ्यावरील तिवरांपर्यंत पोहोचले होते.

आखातातील अपघाताची चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०११ मध्ये आपला अहवाल दिला. हा अपघात टाळता आला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. यंत्राने धोका दाखवला होता. तो मानण्याइतका धीर आणि वेळ माणसांनी काढला नाही. काही तासांची घाई झाली. तिचे मोल अकरा कुटुंबांनी आणि अगणित मुक्या जीवांनी दिले.

स्वाध्याय

१. विहिरीत जड गाळ कशासाठी भरतात?
२. अपघातापूर्वी कोणकोणत्या चुका झाल्या, ते क्रमाने लिहा.
३. कारणे द्या : (अ) तेल माखलेला पक्षी उडू शकत नाही. (आ) गवत मेल्यावर किनाऱ्याची जमीन नाहीशी झाली.
४. 'तवंग फुटला, परंतु तेल नाहीसे झाले नाही.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : जिवावर उठणे, मरणपंथास लागणे, हयगय होणे.