विसरलेला वाढदिवस

समंथाचा सोळावा वाढदिवस उजाडला. परंतु घरात एकालाही त्याची आठवण नव्हती! दुसऱ्याच दिवशी थोरल्या बहिणीचे लग्न होते आणि घर पाहुण्यांनी गजबजले होते. अमेरिकन दिग्दर्शक जॉन ह्यूज (१९५०–२००९) यांच्या 'सिक्स्टीन कँडल्स' या १९८४ सालच्या विनोदी चित्रपटातील हा प्रसंग. पाहुण्यांची धांदल पाहून प्रेक्षक पोट धरून हसतात. समंथाच्या दुःखाला मात्र ते हसत नाहीत. रात्री वडिलांना आपली चूक उमगते. ते मुलीजवळ बसतात, तिची क्षमा मागतात आणि तिचे मन जाणून घेतात.

अशी सहृदयता ह्यूज यांनी सर्वांनाच दाखविली, असे मात्र नव्हे. याच चित्रपटात आशियातून आलेल्या एका विद्यार्थ्याची निव्वळ टिंगल केली आहे. त्याच्या मनात डोकावण्याचे त्यांना सुचले नाही, ही मोठीच उणीव होय.

पुढच्याच वर्षी त्यांचा 'द ब्रेकफास्ट क्लब' आला. त्यात शिक्षा म्हणून पाच विद्यार्थी शनिवारी दिवसभर शाळेच्या ग्रंथालयात बसतात. त्यांतील ब्रायन हा मोठा हुशार. तरीही हस्तव्यवसायाच्या विषयात तो नापास झालेला असतो. त्याने हत्तीच्या आकाराचा दिवा केला होता. सोंड ओढताच तो लागावयाचा. पण तो लागलाच नाही! हे ऐकून प्रथम आपल्याला हसू येते. मग ब्रायनच्या डोळ्यांतील पाणी दिसते. नापास होऊन घरी कोणत्या तोंडाने जावे, हे त्याला कळत नसते.