गडद विटकरी भिंत: खर्च डब्यात नाही, तिसऱ्या हातात

शेड कार्डावर बोटाएवढा दिसणारा विटकरी रंग पाहून लोक दुकानात फक्त डब्याचा भाव विचारतात. खरा प्रश्न वेगळा आहे : हात किती मारावे लागतील?

फिकट रंगात टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर असतं, आणि खालची भिंत झाकण्याचं काम तेच करतं. गडद विटकरी ज्या डीप बेसमध्ये बनतो त्यात ते फार कमी. त्यामुळे पांढऱ्या भिंतीवर दोन हातांनंतरही रोलरचे पट्टे दिसतात, तिसरा हात मारावाच लागतो. प्रायमरमध्येच थोडा राखाडी किंवा विटकरी रंग मिसळून घेतला तर कधीकधी तो वाचतो. पेंटर आपणहून हे सुचवेलच असं नाही; तुम्ही सांगा.

आता हिशेब. बारा बाय दहा फुटांची एक भिंत म्हणजे 120 चौरस फूट. चांगलं इमल्शन लिटरमागे दोन हातांत साधारण तेवढंच जातं, म्हणजे तीन हातांना दीड लिटर. एकेक लिटरचे दोन डबे घ्या. गडद बेसचा डबा मुळात थोडा कमी भरलेला येतो, कारण टिंटिंग मशीनमधून पडणाऱ्या रंगाला जागा हवी. वरच्या दर्जाचं इमल्शन टिंटसकट लिटरला अंदाजे 600 ते 800 रुपये धरा. प्रायमर, थोडी पुट्टी, पॉलिश पेपर आणि मास्किंग टेप मिळून 600 ते 800. पुण्या-मुंबईत पेंटरचे दोन दिवस 1,600 ते 2,400. एकूण 3,400 ते 4,800 रुपये. हे सगळे ढोबळ आकडे, गावागणिक बदलतील.

चारही भिंती? दहा बाय बाराच्या खोलीत दारं-खिडक्या वजा जाता 380 चौरस फूट उरतात, आणि मालासकट चौरस फुटाला 30 ते 40 रुपये दराने 11 ते 15 हजार होतात. पैसे असले तरी मी करणार नाही. आपल्याकडच्या एकाच खिडकीच्या बेडरूममध्ये चारी बाजूंनी विटकरी म्हणजे दिवसाही दिवा. पलंगामागची एक भिंत पुरे.

मॅट की सॅटिन? मॅटमध्ये पुट्टीचे उंचवटे लपतात, पण हात घासला की पांढुरकी रेघ उमटते. मुलं असतील तर सॅटिन, मात्र भिंत आधी नीट घासून घ्यायला लावा. ओल असलेल्या भिंतीला तर हा रंग नकोच. फिकट रंगावर लोणा लवकर नजरेत येत नाही, विटकरीवर पहिल्याच पावसाळ्यात पांढरा फटक दिसतो. आधी गळती काढा, भिंत पूर्ण सुकू द्या.

दोन्ही डबे एकाच वेळी, एकाच मशीनवर बनवून घ्या आणि झाकणावरच्या शेड कोडचा फोटो काढा. त्याआधी छोटा सॅम्पलर आणून दोन-दोन फुटांचा तुकडा रंगवा आणि रात्री दिवा लावून बघा. पिवळसर एलईडीखाली जो रंग उबदार दिसतो, तोच पांढऱ्या ट्यूबखाली मातकट होतो. अशा वेळी दहा-बारा फुटांची भिंत पुन्हा रंगवण्यापेक्षा बल्ब बदलणं स्वस्त.

भाड्याच्या घरात असाल तर घर सोडताना भिंत पांढरी करून द्यावी लागेल का, हे मालकाला आधीच विचारा. विटकरीवरून पांढऱ्यावर यायला प्रायमर आणि वर दोन-तीन हात लागतात. तो खर्च बहुतेकदा डिपॉझिटमधून कापला जातो.