७ डिसेंबरचा छोटा ध्वज

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ सालापासून तो देशभर पाळतात. निधी देणाऱ्याला छोटा ध्वज मिळतो. त्यात तीन रंग असतात. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा वायुदलाचा.

मी आजीला विचारलं, "सैनिकाला पगार असतो, मग आपण पैसे कशाला द्यायचे?"

आजी म्हणाली, "किल्लारीचा भूकंप झाला तवा जवान धावून आले. ढिगाऱ्याखालची माणसं काढली. आपण कोण, हे इचारलं का त्यांनी?"

तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसे गेली. सास्तूर तर आपल्याच जिल्ह्यातले गाव.

ध्वजनिधीतून शहीद जवानांच्या कुटुंबांना, लढाईत अपंग झालेल्यांना व माजी सैनिकांना मदत होते. जिल्ह्यात हे काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहते.

पण मदत पैशाचीच असते असे नाही. जवान सीमेवर असतो, घरी म्हातारे आईवडील असतात. त्यांचं दळण गिरणीवर नेणं, दुकानातून औषध आणून देणं आपल्यालाही जमेल.

मी खाऊचे पाच रुपये दिले. ध्वज वहीत जपून ठेवलाय. तुम्हीही द्या.