कुणाला आदर्श मानणे मुलांच्या हिताचे असते का?

मूल पाहून शिकते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ सालच्या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला बदडताना पाहिलेली मुले तिला तसेच बदडू लागली. अनुकरणाला बरे-वाईट आपोआप कळत नाही. म्हणून आदर्श असावा की नसावा, यापेक्षा त्याच्याकडून काय घ्यावे, हा प्रश्न मोठा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वागण्यात याचे सर्वांत स्वच्छ उत्तर सापडते. बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना त्यांनी गुरू मानले. शूद्रांच्या इतिहासावरचा १९४६ सालचा ग्रंथ फुल्यांना अर्पण केला. तरीही १९४३ साली पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीच्याच व्याख्यानात, त्यांनी विभूतिपूजेवर कडाडून टीका केली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत तर राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराच दिला. आदर आणि चिकित्सा एकाच मनात नांदू शकतात, हे यातून दिसते.

भिंतीवर खेळाडूचे पोस्टर लावणारी मुलगी त्याच्यासारखी पहाटे सरावाला उठत असेल, तर काळजी नको. त्याच्यावर टीका करणाऱ्या मैत्रिणीशी ती अबोला धरत असेल, तर पालकांनी त्या खेळाडूच्या चुकांविषयीही तिच्याशी मोकळेपणाने बोलावे.