कोण? आणि काय?

तुम्ही आता अक्षरे वाचता. शब्द वाचता. पण वाक्याचा अर्थ नीट लागला, तरच वाचलेले कामी येते.

वाक्याचे दोन भाग असतात. ज्याच्याविषयी सांगायचे, ते उद्देश्य. त्याच्याविषयी जे सांगितले, ते विधेय.

भिवाचा तांबडा बैल आजारी आहे.

कोण आजारी आहे? भिवाचा तांबडा बैल. हे उद्देश्य. त्याचे काय? आजारी आहे. हे विधेय. उद्देश्य नुसते 'भिवा' म्हणाल, तर चुकेल. भिवा ठणठणीत आहे. आजारी आहे तो बैल!

आता पैशाची दोन वाक्ये बघा.

दगडू भिवाला २०० रुपये देईल.
दगडूला भिवा २०० रुपये देईल.

शब्द तेच. नावांचा क्रमही तोच. 'ला' तेवढा इकडचा तिकडे गेला. आणि पैसे देणारा बदलला! पहिल्या वाक्यात उद्देश्य दगडू. दुसऱ्यात भिवा, तो मध्ये बसला आहे. म्हणून मराठीत नावाचे शेपूट नीट वाचावे.

इंग्रजीची रीत वेगळी. तेथे नावाला 'ला' चिकटत नाही. तेथे जागेला मान. साध्या वाक्यात उद्देश्य आधी येते. क्रियापद त्याच्या मागोमाग.

दगडू विल पे भिवा.

'विल पे' म्हणजे पैसे देईल. कोण देईल? 'विल पे'च्या आधी दगडू आहे. म्हणजे दगडू देईल. नावांची अदलाबदल करा: भिवा विल पे दगडू. आता भिवाचा खिसा रिकामा होईल.

एक वाक्य मात्र फसवे असते.

दगडू विल बी पेड बाय भिवा.

येथेही दगडू आधी आला. उद्देश्य तोच. पण पैसे देणार भिवा! अशा वाक्यात 'बाय' म्हणजे 'कडून'. दगडूला भिवाकडून पैसे मिळतील. तेव्हा 'विल पे' आहे की 'विल बी पेड', हे नीट बघा. 'बाय' दिसला की जरा थांबा.

कधी उद्देश्य लपलेले असते. पाटीवर लिहितात, 'वेट हिअर'. म्हणजे येथे थांबा. कोणी थांबायचे? वाचणाऱ्याने. म्हणजे तुम्हीच!

लागलं ध्यानात? मग कागद मराठी असो की इंग्रजी, सही करण्याआधी प्रत्येक वाक्याला विचारा : कोण? आणि काय? उत्तर सापडेना, तर सही करू नका. घाई कोणी केली तरी करू नका. विश्वासाच्या जाणत्या माणसाकडून कागद समजून घ्या. त्यात कमीपणा नाही. न कळता केलेली सही मात्र महाग पडते.

अभ्यास

१. उद्देश्य व विधेय सांगा : आमच्या गावची शाळा सकाळी भरते.
२. 'भिवा विल बी पेड बाय दगडू.' पैसे कोण देणार?
३. तुमच्या घरातला एखादा कागद घ्या. त्यातील एका वाक्यात 'कोण' आणि 'काय' शोधा.